भूमीस आशीर्वाद द्यावा काय?

गेल्या दिवाळीनंतर हडपसर येथील एक ख्रिस्ती बंधू आम्हांकडे आले. मूळचे ते नगर जिल्ह्यातील एका खेड्याचे. तरुणपणी पोटासाठी पुण्यास आले आणि हडपसरच्या एका कारखान्यात तीस वर्षे राबले. त्यांच्या वाडवडिलांच्या वाट्यास गावकीचा एक लहानसा तुकडा काय तो आला होता, आणि तोही चाकरीच्या बदल्यात. आता नोकरी संपतेवेळी हाती आलेल्या पैशातून त्यांनी दीड गुंठा बिनशेती जागा विकत घेतली होती. खरेदीखताचा कागद त्यांनी आमच्यापुढे उलगडला तेव्हा त्यांचे हात कापत होते. ज्याच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी जमीन विकत घेतली नाही, त्यासच त्या कंपाचा अर्थ कळेल.

ते म्हणाले, "पाळकसाहेब, येत्या सोमवारी पायाची आखणी आहे. मुकादम म्हणतो, नारळ फोडल्यावाचून माणसे कुदळ उचलणार नाहीत. शेजारी म्हणतात, भूमिपूजन केले नाही तर घरास बाधा होईल. घरची मंडळी म्हणतात, पाळकांस बोलावून प्रार्थना करवा, म्हणजे झाले. आपण काय सांगता?"

आम्ही लगेच उत्तर दिले की, आम्ही येऊ आणि प्रार्थना करू. ते समाधानाने गेले. परंतु त्या रात्री आमचे समाधान मात्र गेले. कारण आमच्या मनात असा प्रश्न उभा राहिला की, शेजाऱ्यांच्या सल्ल्यात आणि घरच्या मंडळींच्या सल्ल्यात खरे अंतर किती? पहिले म्हणतात, नारळ फोडा, म्हणजे बाधा होणार नाही. दुसरे म्हणतात, प्रार्थना करा, म्हणजे बाधा होणार नाही. देव निराळा, परंतु भीती तीच. विधी निराळा, परंतु सौदा तोच. मग भूमीस आशीर्वाद देणे म्हणजे आहे तरी काय? माती आशीर्वाद ऐकते काय? आणि आशीर्वाद न देता बांधलेल्या घरावर देवाचा हात नसतो काय? हे प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील अनेक मंडळ्यांपुढे येतात. घर असो, विहीर असो, प्रार्थनामंदिर असो, पहिली कुदळ मारतेवेळी उपदेशकास बोलावणे येतेच. म्हणून ह्या विषयावर दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आपल्या शेजाऱ्यांच्या विधीकडे न्यायाने पाहू या. भूमिपूजनात बहुधा ईशान्य कोपऱ्यात लहानसा खड्डा खणतात. तेथे कलश मांडतात, हळदकुंकू वाहतात, नारळ ठेवतात. पायात पंचरत्ने आणि धातूचा लहानसा नाग पुरतात, कारण पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे अशी त्यांची समजूत आहे. मग यजमान आणि त्याची पत्नी पहिली कुदळ मारतात. घर पुरे झाल्यावर वास्तुशांत होते. शेतकऱ्यांची रीत ह्याहून साधी आहे. सोलापूर, लातूर आणि धाराशिव ह्या भागांत मार्गशीर्षाच्या अमावास्येस वेळ अमावास्या करतात. त्या दिवशी गाव ओस पडते आणि सारे कुटुंब शेतात जाते. कडब्याच्या खोपीत पूजा होते, उभ्या पिकावर आंबील शिंपडतात, आणि बांधावरून जाणाऱ्या वाटसरूसही जेवल्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत.

ह्या विधींत आम्ही भाग घेत नाही, आणि का घेत नाही हे आमचे वाचक जाणतात. सृष्टीस आम्ही नमन करीत नाही, सृष्टिकर्त्यास करतो. परंतु त्यांत जे चांगले आहे ते न पाहणे हा आमचा धर्म नव्हे. एक तर त्यांत क्षमायाचना आहे. जिच्यावर पाय ठेवला, जिच्या पोटात कुदळ घातली, तिची क्षमा मागावी ही भावना हलकी नाही. जो मनुष्य भूमीस नुसता माल समजतो आणि चौरस फुटांच्या भावाने तोलतो, त्याच्यापेक्षा तिला "काळी आई" म्हणणारा शेतकरी सत्याच्या अधिक जवळ आहे. दुसरे, त्यांत अन्नदान आहे. तिसरे, त्यांत थांबणे आहे. मोठे काम आरंभण्यापूर्वी मनुष्य क्षणभर थांबतो आणि हे सर्व आपल्या एकट्याच्या बळाने होत नाही असे कबूल करतो. आपल्यातील काही नवशिके तरुण भूमिपूजनाची थट्टा करतात, आणि मग स्वतःच्या घराचा पाया काहीही विचार न करता, मजुरास पाणीदेखील न विचारता खणतात. अशा थट्टेपेक्षा तो विधी बरा, असे म्हणावयास आम्ही कचरत नाही.

तथापि त्याच विधीची दुसरी बाजूही आहे. ती आम्हांस एका हिंदू घरात जन्मलेल्या पुरुषाने आमच्यापेक्षा कठोरपणे दाखविली आहे. हडपसरला लागूनच मांजरी गाव आहे. तेथे महात्मा जोतीराव फुले ह्यांची शेती होती. ते बालपणी स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पुढे १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. १८८३ मध्ये लिहिलेल्या "शेतकऱ्याचा असूड" ह्या ग्रंथात त्यांनी असे दाखविले की, जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याच्या प्रत्येक प्रसंगास एक विधी जोडलेला आहे आणि प्रत्येक विधीस दक्षिणा जोडलेली आहे. अज्ञानी कुणब्याच्या मनात भीती घालावयाची आणि त्या भीतीवर कर बसवावयाचा. जोतीरावांस धर्म नको होता असे नव्हे. भटाच्या मध्यस्थीवाचून विवाहादी संस्कार करता यावेत म्हणून त्यांनी १८८७ मध्ये पूजाविधीचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा आक्षेप श्रद्धेवर नव्हता. भीतीच्या व्यापारावर होता.

आता आपण आपल्या छातीवर हात ठेवून विचारू या की, हा आक्षेप आपणांस लागू नाही काय? आपल्यातही असे बंधू आहेत की जे दाराच्या चौकटीखाली शास्त्राची प्रत पुरतात. पाळकाने चारही कोपऱ्यांत उभे राहून प्रार्थना केली नाही तर त्यांस झोप येत नाही. घरात ताप आला की ते म्हणतात, जागेची प्रार्थना नीट झाली नाही. अशा वेळी आपण नारळाच्या जागी प्रार्थना ठेविली आहे, एवढेच. जी प्रार्थना देवास बांधून घेण्यासाठी केली जाते ती प्रार्थना नव्हे. तो मंत्र आहे, मग तो कोणत्याही भाषेत असो. आणि जो उपदेशक अशी भीती वाढू देतो, तो दक्षिणा घेवो अथवा न घेवो, जोतीरावांच्या असुडास पात्र आहे.

शास्त्रात भूमीविषयी जे लिहिले आहे ते ह्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. विधी राहिला म्हणून भूमी शापित झाली असे कोठेही आढळत नाही. भूमी भारी होते ती मनुष्याच्या कृतीने. आदामाच्या अवज्ञेमुळे तिला शाप लागला. काइनाने भावास मारले तेव्हा ते रक्त जमिनीतून ओरडले. अहाब राजास नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. त्याने मागून पाहिला, मिळाला नाही. तेव्हा ईजबेलीने उपवासाची दवंडी पिटविली, सभा भरविली, साक्षीदार उभे केले. सर्व काही रीतीप्रमाणे झाले आणि मळा राजाच्या ताब्यात आला. उपवास हा धर्मविधीच होता, आणि कागदपत्रांत कदाचित काहीही उणे नव्हते. तरी एलीया त्या मळ्यात जाऊन उभा राहिला, तो आशीर्वाद देण्यासाठी नव्हे. उलट पक्षी, अब्राहामास संपूर्ण देशाचे वचन मिळाले असताही त्याने सारेच्या कबरेसाठी मकपेलाची गुहा फुकट घेतली नाही. वेशीत सर्वांसमक्ष चारशे शेकेल रुपे तोलून दिले. दावीद राजास अरवनाचे खळे नजर मिळत होते, तरी ज्यास काही मोल पडले नाही ते देवास अर्पिणार नाही असे म्हणून त्याने दाम मोजला. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकविणाऱ्यास मोशेच्या नियमशास्त्रात शाप सांगितला आहे; आणि भूमी कायमची विकू नये, कारण ती देवाची असून आपण तिच्यावर पाहुणे आहोत, असेही तेथेच सांगितले आहे.

बांधाचे महत्त्व आपल्या पूर्वजांस कोणी शिकवावयास नको. गावकीच्या जुन्या व्यवस्थेत गावाची शीव कोठून कोठे जाते हे महार वतनदारास ठाऊक असे, आणि शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मानली जाई. ज्यास गावाच्या विहिरीस शिवू देत नसत, त्याच्या शब्दावर गावाची सीमा ठरत असे! ही कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. तथापि त्या साक्षीदारांची नातवंडे आज आमच्या मंडळ्यांत बसतात, आणि भूमीविषयी खरे बोलणे हा त्यांचा वारसा आहे.

आता आपण हडपसरच्याच भूमीकडे वळू या. आपल्या गावच्या भाषेत दोन शब्द आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पाया खणतेवेळी जे घडते ते हेच की काळीची पांढरी होते, आणि एकदा पांढरी झालेली भूमी सहसा पुन्हा काळी होत नाही. हडपसरात हे एका मनुष्याच्या आयुष्यात घडले आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी ह्याच माळावर यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे ह्यांच्या फौजांचा पराभव केला, आणि अनेक मातांचे पुत्र येथे पडले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण झाले, मुठेचा उजवा कालवा ह्या बाजूने आला, आणि रणाची जागा भाजीच्या मळ्यांनी घेतली. पुण्याच्या मंडईत हडपसरचा भाजीपाला जाऊ लागला. मग कारखाने आले. १९६६ मध्ये येथे सीरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिच्या लसी आज जगभर जातात. २००० सालापासून मगरपट्टा नगराची उभारणी सुरू झाली. तेथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन बाहेरच्यास विकून टाकण्याऐवजी एकत्र केली, आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनीत भाग ठेविला. हे आम्हांस प्रशंसनीय वाटते. शेत गेले आणि चार वर्षांत पैसाही गेला, अशी जी गत अनेक गावांची झाली, तिच्यापासून ह्या कुटुंबांनी आपला बचाव केला.

तरी एक प्रश्न राहतोच, आणि तो एका गावाचा नसून सर्व गावांचा आहे. ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यास वाटा मिळतो. परंतु ज्याने त्याच मळ्यात जन्मभर खुरपणी केली, ज्या बाईने तेथील कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या, आणि ज्या बहिणीने माहेरच्या प्रेमापोटी हक्कसोडपत्रावर अंगठा दिला, त्यांचे नाव कोणत्या रकान्यात आहे? काळीची पांढरी होतेवेळी त्यांस कोणी विचारतो काय?

हा प्रश्न किती जुना आणि किती दूरवरचा आहे हे दाखविण्यासाठी आम्ही वाचकांस क्षणभर समुद्रापार नेतो. अमेरिकेतील ज्या मिशन बोर्डाने आपले पहिले मिशनरी मुंबईस पाठविले, आणि ते १८१३ मध्ये तेथे उतरले, त्याच बोर्डाने पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडे एक जहाज पाठविले. ते १८२० मध्ये तेथे पोहोचले. म्हणजे मराठी ख्रिस्ती मंडळी आणि हवाईची ख्रिस्ती मंडळी ह्या एका अर्थी सख्ख्या बहिणी आहेत. हवाईच्या लोकांच्या भाषेत भूमीस "आइना" म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ "जी खाऊ घालते ती" असा सांगतात. आपल्या "काळ्या आई"हून तो कितीसा निराळा आहे! त्या लोकांत भूमीस आशीर्वाद देण्याची जुनी चाल आहे. ती ख्रिस्ती झाल्यावरही नाहीशी झाली नाही, तर बदलली. आज तेथे घर अथवा इमारत बांधावयाची असता "काहू" म्हणजे पाळक बोलावितात. पुष्कळदा हा काहू ख्रिस्ती मंडळीचाच पाळक असतो. तो लाकडी वाडग्यात मिठाचे पाणी घेतो आणि ती नावाच्या झुडपाच्या हिरव्या पानाने ते जागेवर शिंपडतो. प्राचीन भाषेत गायन होते. "ओओ" नावाच्या लाकडी पहारीने माती उकरतात. नव्या घराच्या दारात मायले वेलीची माळ लावतात, आणि ती कापीत नाहीत, तर गाठ सोडून उघडतात. कोणत्याही आरंभी काही तोडू नये, असा त्याचा भाव सांगतात.

हे ऐकून कोणास वाटेल की, तेथील ख्रिस्ती लोकांनी जुने आणि नवे ह्यांचा सुंदर मेळ घातला आहे. आपणही तसेच करावे. आम्ही तो मेळ नाकारीत नाही. परंतु त्या बेटांची कथा एवढ्यावर संपत नाही. १८४३ मध्ये एका इंग्रज अंमलदाराने बळकावलेले राज्य परत मिळाले, तेव्हा तेथील ख्रिस्ती राजा तिसरा कामेहामेहा ह्याने, भूमीचे जीवन नीतिमत्त्वाने टिकते, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते आजही त्या प्रांताचे बोधवाक्य आहे. पुढे १८४८ मध्ये त्याच राजाच्या कारकिर्दीत भूमीची वाटणी झाली, आणि १८५० च्या कायद्याने कसणाऱ्या सामान्य प्रजेस आपला हक्क नोंदविण्याची मुभा मिळाली. परंतु ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती भूमी कसली त्यांस कागदाची रीत ठाऊक नव्हती. एकूण भूमीचा शंभरावा हिस्सादेखील त्यांच्या नावे लागला नाही. हळूहळू उसाचे मोठे मळे झाले, आणि त्या मळेवाल्यांत कित्येक मिशनऱ्यांचे पुत्र आणि नातू होते. १८९३ मध्ये लिलिउओकलानी राणीस पदच्युत करणाऱ्यांतही मिशनऱ्यांचे वंशज होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, त्या परंपरेतील युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट ह्या मंडळीने हवाईच्या मूळ लोकांची जाहीर क्षमा मागितली.

ह्यावरून आम्ही काय शिकावे? हेच की, भूमीस आशीर्वाद देणारे हात तेथे उणे नव्हते. मीठ होते, पाणी होते, गायन होते, प्रार्थना होती. ज्या दिवसांत भूमी मूळ लोकांच्या हातून जात होती त्या दिवसांतही रविवारच्या उपासना चालू होत्या. परंतु जो प्रश्न आधी विचारावयाचा तो विचारला गेला नाही, आणि तो विचारावयास शंभर वर्षे लागली. विधी जेव्हा प्रश्नाच्या जागी बसतो तेव्हा तो कितीही सुंदर असो, तो डोळ्यांवरची पट्टी होतो. विधी जेव्हा प्रश्नाच्या मागून येतो तेव्हाच तो आशीर्वाद होतो.

असो. सोमवारी सकाळी आम्ही त्या बंधूंच्या जागेवर गेलो. फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, खुंट्या ठोकल्या होत्या, सूत ताणले होते. मुकादम आणि चार मजूर बाजूस बसले होते. बांधाच्या पलीकडे एक वृद्ध बाई उभी होती. चौकशी केली तेव्हा कळले की, ज्यांनी जागा विकली त्या भावांची ती वडील बहीण. आम्ही तिला रामराम करून विचारले, "आत्याबाई, आपण अशा उन्हात का उभ्या?" ती म्हणाली, "काही न्हाई बाबा. हितं आमचा वाफा व्हता. आई आन्‌ म्या मेथी काढायचो. कागदावर अंगठा माझाच हाय. पन इकताना मला कुनी इचारलं न्हाई."

आमचे बंधू खाली पाहू लागले. त्यांचा दोष काय होता? त्यांनी पुरी किंमत मोजली होती. कागद स्वच्छ होता. विकणाऱ्याच्या घरातील अन्यायास विकत घेणारा कसा बांधील? हा युक्तिवाद आम्ही मनात करून पाहिला, आणि कायद्याप्रमाणे तो बरोबरच आहे. परंतु त्या बाईच्या समोर उभे राहून तो आमच्या तोंडातून निघेना. आम्ही बंधूंस बाजूस घेऊन म्हटले, "आज प्रार्थना राहू द्या." ते म्हणाले, "पाळकसाहेब, मलाही तेच वाटते."

त्या दिवशी पाया खणला नाही. मजुरांस रोज दिला आणि जेवू घातले. पुढील आठवड्यात आम्ही दोघे विकणाऱ्या भावांकडे गेलो आणि बहिणीस तिचा वाटा द्यावा अशी विनंती केली. थोरल्याने ऐकून घेतले, धाकटा हसला. शेवटी काही ठरले नाही. मग आमचे बंधू त्या बाईकडे स्वतः गेले. ते म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या भावांनी काय करावे हे माझ्या हाती नाही. परंतु मी तुम्हांस विचारावयास आलो आहे. मी येथे घर बांधू काय?" ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बांध बाबा. तू तरी इचारलंस." तिला वाटा मिळाला नाही. न्याय झाला असे आम्ही म्हणत नाही, आणि वाचकांनीही तसे समजू नये. तिच्या हक्काचे जे गेले ते एका प्रश्नाने भरून येत नाही. आमच्या बंधूंनी घराच्या मागच्या बाजूस दोन हातांचा वाफा मोकळा सोडला आहे, आणि तेथली मेथी तिची असे ठरले आहे. हे थोडे आहे. परंतु फक्कीची रेघ दोन हात अलीकडे घेताना त्यांस जे मोल पडले, त्यामुळेच आमच्या प्रार्थनेस तेथे उभे राहण्यास जागा मिळाली, असे आम्हांस वाटते.

नारळाविषयी कोणी विचारील. मुकादमास आमच्या बंधूंनी सरळ सांगितले की, मी पूजा करीत नाही आणि करवीतही नाही. परंतु तुम्ही आपल्या हत्यारांस हात लावण्यापूर्वी आपल्या मनाप्रमाणे काय करावयाचे ते करा, मी आड येणार नाही. खोल पायात उतरणारा जीव त्यांचा आहे. पौलाने करिंथच्या मंडळीस मूर्तीच्या नैवेद्याविषयी जे लिहिले त्याचे सार आम्ही असे समजतो की, मूर्ती काही नाही हे ज्ञान खरे. परंतु ज्ञानाने मनुष्य फुगतो आणि प्रीतीने घर उभे राहते. आपण पूजेत सामील होऊ नये, हे स्पष्ट असावे. तसेच आपल्या नकारात तुच्छता नसावी, हेही स्पष्ट असावे.

आता आमच्या उपदेशक बंधूंस आम्ही नम्रपणे एक सूचना करतो. पहिल्या कुदळीच्या वेळी आपणांस बोलावणे आले म्हणजे प्रार्थनेपूर्वी तीन प्रश्न विचारावे. ही भूमी कोणाकडून आली, आणि ज्याचे त्यास पोहोचले काय? ह्या भूमीवर आज कोण राबणार, आणि त्यांस वेळेवर मजुरी, पाणी आणि सावली आहे काय? आणि येथे जे उभे राहील त्याचे दार कोणासाठी उघडे राहील? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोलापूरच्या रेल्वेरस्त्यावर केडगाव येथे पाहावयास मिळते. पंडिता रमाबाईंनी तेथे सुमारे १०० एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडे लावली. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात जेव्हा अनाथ मुलींचे थवे आले, तेव्हा ती माळरानाची जमीन त्यांचे माहेर झाली. भूमीस मिळालेला आशीर्वाद असा ओळखावा: तिच्यावर कोणाचे पोट भरले आणि कोणाचे डोके टेकले, ह्यावरून.

आणि हे प्रश्न केवळ गरीब बंधूच्या दीड गुंठ्यास विचारून थांबू नये. आमच्या मंडळ्यांस पूर्वी शाळा, दवाखाने आणि कबरस्थाने ह्यांसाठी जमिनी मिळाल्या. त्यांतील कित्येक आज शहरांच्या मध्यावर आल्या आहेत आणि त्यांचे भाव डोळे दिपविणारे आहेत. त्यांवर बांधकाम करण्याचा अथवा त्या विकण्याचा ठराव जेव्हा मंडळीपुढे येतो, तेव्हा सभेचा आरंभ प्रार्थनेने होतो आणि शेवटही प्रार्थनेने होतो. मधल्या वेळात हे तीन प्रश्न विचारले जातात काय? ईजबेलीची सभाही उपवासाने सुरू झाली होती.

याकोब बेथेल येथे उघड्या माळावर दगड उशाशी घेऊन झोपला, आणि जागा झाल्यावर त्यास कळले की, देव ह्या ठिकाणी होता आणि आपणांस ठाऊक नव्हते. त्याने त्या दगडावर तेल ओतले. लक्षात घ्यावे की, तेल ओतल्याने देव तेथे आला नाही. तो आधीच तेथे होता. आपल्या प्रार्थनेने भूमी पवित्र होत नाही. ज्याची ती आहे तो पवित्र आहे, आणि आपली प्रार्थना म्हणजे त्याच्या समक्ष आपले पाय कोठे आहेत हे पाहणे आहे. बांधाच्या पलीकडे कोणी उभे असेल, तर ते पाहूनच कुदळ उचलावी.